इझाबेलानं मांडलेली ऐकवणी

म्युझियममध्ये सगळे इझाबेला परेराला मऊ स्वभावाची समजत. तिची वरिष्ठ वेंडी तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची, 'इझाबेलाचा आवाज चढलेला मी अजून ऐकला नाही.' ऐकणार कसा? आवाज चढवून मोकळं होणाऱ्यातली ती नव्हतीच. एका माणसाबद्दलचा राग तिनं पोटात असा जपून ठेवला होता, की नवऱ्याचा वाढदिवस विसरेल, पण तो राग विसरायची नाही.

त्या माणसाचं नाव डॉक्टर प्रताप गद्रे. मूळचे पुण्याचे. मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीत वंशसंहाराचा अभ्यास शिकवायचे. कुठे काही भयंकर घडलं की टीव्हीवर गंभीर चेहऱ्यानं बोलायचे, पुस्तकाच्या मागच्या पानावर हनुवटीखाली हात घेऊन बघायचे. आणि मार्चमधल्या एका सोमवारी, इझाबेला डेस्कवर टेकते न टेकते तोच, या गद्रे सरांचा अर्ज तिच्या कॉम्प्युटरवर येऊन पडला. सरांना म्युझियमची फेलोशिप हवी होती. इझाबेलानं तो अर्ज वाचला, उठून खिडकीशी गेली, परत येऊन पुन्हा वाचला. मग चक्क हसली.

हे म्युझियम वंशसंहाराच्या आठवणींचं. जगात जिथे जिथे एखादी अख्खी जमात संपवायला लोक उठले, तिथून जीव वाचवून ऑस्ट्रेलियात पोचलेल्या माणसांनी ते उभं केलं होतं. मागच्या अंगाला दोन मजली जुनी इमारत आणि तिच्यात चार लहान फ्लॅट. जगभरातले अभ्यासक तिथे तीन-तीन महिने राहायला यायचे, दिवसभर दस्तऐवज वाचायचे, साक्षी ऐकायचे, लिहायचे. फेलोशिप म्हणतात ती हीच, आणि मेलबर्नचाच माणूस असला तरी त्यानं तिथेच राहायचं. अर्ज आधी इझाबेलाकडे येत. ते चाळून कमिटीपुढे ठेवणं, आलेल्यांना किल्ल्या देणं, कुणाचा हीटर बिघडला तर माणूस बोलावणं आणि ऐकवणी लावणं, हे सगळं तिचं काम.

ऐकवणी हा तिचा शब्द. म्युझियमवाले त्याला इंग्लिशमध्ये काहीतरी लांबलचक म्हणत. नियम साधा होता. तुम्ही ज्या माणसाच्या दुःखाबद्दल लिहिलंत, तो जिवंत असेल आणि येऊ शकत असेल, तर लिहिलेलं त्याच्या समोर बसून मोठ्यानं वाचायचं. पूर्वी कुठे छापून आलेलं असलं तरीही. त्या टेबलावर साक्षीदार सांगेल ते चालायचं. कधी सुरू करायचं, कुणी वाचायचं, कुठे थांबायचं, सगळं त्यानं ठरवायचं. त्यानं समोरचा चहाचा कप उपडा घातला, की तेवढा मजकूर रद्द. मग तो फेलोच्या पुस्तकात जायचा नाही म्हणजे नाही. भलेभले प्रोफेसर त्या टेबलावर घामाघूम झालेले इझाबेलानं पाहिले होते. गद्रे सरांना ती तिथेच बसवणार होती.

हा राग कशाचा, तेही ऐका.

इझाबेला वसईजवळच्या गासची. घरची वाडी फुलांची. मोगरा, चाफा, शेवंती. पहाटेच्या अंधारात फुलं खुडून टोपल्या भरायच्या आणि मग शाळेत जायचं, असं तिचं बालपण गेलं. त्यामुळे कुठेही गेली तरी तिची नजर आधी फुलांवर जायची. शिकायला मेलबर्नला आली, पहिल्या रविवारी जवळच्या चर्चमध्ये मिस्साला गेली, तर वेदीवर ऑर्किड्स. अशी मांडलेली, की हिचा पाय तिथून हलेना. मिस्सा संपल्यावर तिनं विचारलं, ही कुणी सजवली? एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई पुढे आली आणि म्हणाली, 'मी. जासिंता परेरा.'

'मीपण परेरा!' इझाबेला ओरडलीच.

आता वसईच्या माणसाला परदेशात आडनावाचं माणूस भेटलं, की झालं. कुठली, कोणाची, हे विचारायच्या आधीच नातं जुळतं. जासिंता होती पूर्व तिमोरची, समुद्रापलीकडची, हिच्या गावाशी तिचा काडीचा संबंध नाही. दोघींच्या आडनावात पोर्तुगीज तेवढे सामाईक. पण इझाबेलाला वाटलं, आपलं माणूस सापडलं. ती तिला तिया म्हणायला लागली. तिया म्हणजे त्यांच्यातली मावशी. दर शनिवारी तियाच्या घरी जायचं, दोघींनी मिळून फुलं कापायची, मग मक्याचा भात आणि मासळी जेवायची. नाताळात ही मैद्याचे गोल फुगे तळून न्यायची, तिया त्यांच्यात बोट खुपसून हसायची. आईपासून इतक्या लांब आलेल्या पोरीला आणखी काय हवं असतं?

गद्रे सर तेव्हा इझाबेलाचे गाइड. पूर्व तिमोरवर पुस्तक लिहीत होते. सत्तरच्या दशकात इंडोनेशियाचं सैन्य शिरलं, लोक डोंगरात पळाले, उपासमारीत आणि गोळ्यांनी माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तो सगळा काळ. सरांना मेलबर्नमधले तिमोरी साक्षीदार हवे होते, आणि त्यांच्याकडे कुणी तोंड उघडत नव्हतं. इझाबेलाकडे मात्र तिया होती.

एका शनिवारी फुलं कापता कापता तियानं ते सांगितलं. डोंगरातून खाली आणून छावणीत टाकलं होतं, तिची तीन मुलं भुकेनं सुजली होती. सैनिकानं मका दाखवला आणि विचारलं, तुझा दीर कुठे लपलाय? तियानं सांगितलं. दीर परत आला नाही. तिन्हींतलं एकच मूल जगलं. हे तिनं नवऱ्याला मरेपर्यंत कळू दिलं नव्हतं. त्या दिराची बायको त्याच चर्चमध्ये तिच्या पुढच्या बाकावर बसायची. इझाबेलानं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, 'तिया, हे मी लिहू का? तुझं नाव कुठे येणार नाही.' तियानं दुसऱ्या हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, 'तू म्हणतेस तर लिही,' आणि संमतीच्या कागदावर सही केली.

इझाबेलानं लिहिलं. रात्रंदिवस बसून लिहिलं. सरांनी वाचलं आणि खुर्चीतून उठलेच. 'अगं, काय लिहिलंयस! लोक रडतील.' गद्रे सरांची शाबासकी म्हणजे काही खायचं काम नव्हतं. पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात. पुढे सरांचं पुस्तक आलं, तियाचं नाव बदलून ती साक्ष त्यात आली, आणि महिन्याभरात चर्चमधल्या पोरासोरांनासुद्धा कळलं, की ही बाई म्हणजे आपली जासिंता. मेलबर्नमधले तिमोरी असे कितीसे? मोजकी घरं. नाव बदलून काय होतंय!

त्या रविवारी दिराची बायको उठली, तियाच्या पुढचा बाक सोडून पार पलीकडे जाऊन बसली. दुसऱ्या रविवारी तियाची ऑर्किड्स कुणीतरी वेदीवरून उचलून बाहेर कारपार्कमध्ये ठेवली. त्यानंतर तिया चर्चला गेली नाही. वाचलेला एकुलता एक मुलगा डार्विनला निघून गेला. इझाबेला धावत तिच्या दारात गेली, रडली, सांगत राहिली, 'तिया, सरांनी छापलं गं, मी नाही.' तियानं दार लावून घेतलं. त्याला आता नऊ-दहा वर्षं झाली.

युनिव्हर्सिटीत चौकशी झाली. सर म्हणाले, नाव बदललं होतं, संमतीवर सही होती. सगळं नियमानुसार. सर सुटले, पुस्तकाला बक्षीस मिळालं. इझाबेलानं पीएचडी अर्धी टाकली. ठाण्याच्या बेन्सनशी लग्न केलं, ग्लेन वेव्हर्लीला घर झालं, शेरिल झाली, म्युझियमची नोकरी मिळाली. वरून सगळं छान. आणि आत मात्र गद्रे सर टीव्हीवर दिसले, की हिच्या अंगाची लाही लाही व्हायची. शेरिल रिमोट लपवायची.

तर असे हे सर आता आपल्या पायांनी चालत येत होते. त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती आणि त्यासाठी फेलोशिप हवी होती.

'रिजेक्ट कर आणि विषय संपव, इझा,' बेन्सन त्या संध्याकाळी भांडी लावता लावता म्हणाला.

'रिजेक्ट? वेडा आहेस का? रिजेक्ट केला तर दुसरीकडे कुठेतरी जाईल, हारतुरे घेईल. मला तो इथे हवाय. तियाच्या समोर. तिच्या डोळ्यांत बघून त्यानं ते वाचायला हवं, शब्दन्‌शब्द. घसा कोरडा पडायला हवा त्याचा.'

'आणि तियाला काय हवंय, ते विचारलंस?'

'तिला न्याय नको असेल?'

'मी न्यायाचं नाही विचारलं.'

'मम, यू साउंड स्केरी,' शेरिल होमवर्कमधून मान वर न करता म्हणाली.

'तू अभ्यास कर!'

कमिटीच्या मीटिंगमध्ये इझाबेलानं गद्रे सरांची अशी काही तारीफ केली, की वेंडी बघतच राहिली. इतका अनुभवी माणूस, इतकं गाजलेलं पुस्तक, आपल्याकडे यायलाच हवा. आवाज मऊ, चेहरा साळसूद. फेलोशिप मंजूर झाली. त्याच शनिवारी इझाबेला गाडी काढून डँडेनाँगला तियाच्या लहानशा घरी गेली.

तियानं जाळीचं दार उघडलं नाही. आतून उभी राहिली. केस आणखी विरळ झाले होते, पाठीला बाक आला होता. अंगणात दुधाच्या कापलेल्या बाटल्यांतून ऑर्किड्स तशीच वाढत होती, पण ती कुठे नेण्यासाठी नव्हती. इझाबेलाला भडभडून आलं. तिनं जाळीतूनच सगळं सांगितलं. तो माणूस येतोय. त्याला तुझ्यासमोर बसून वाचावं लागेल. तू काहीही विचारू शकतेस, मध्येच थांबवू शकतेस, कप उपडा घालून सगळं पुसून टाकू शकतेस.

तिया ऐकत होती. मग म्हणाली, 'तू असशील तिथे?'

'मी? मी तर असणारच, तिया. तुझ्या शेजारी.'

'मग येते.'

एवढंच. दार काही उघडलं नाही. पण इझाबेला गाडीत बसली आणि आनंदानं हुंदके देऊन रडली. इतक्या वर्षांनी तियाला ती शेजारी हवी होती! घरी पोचेपर्यंत तिनं मनातल्या मनात सरांची पार धूळधाण करून टाकली होती.

सर जूनच्या थंडीत आले. केस रंगवलेले, मफलर, चाकांची बॅग. 'अगं इझाबेला! तू इथे? वा, वा! आता काही काळजी नाही.' म्हणजे बघा, ह्यांना आठवतच नव्हतं, की ही पोरगी आपल्यामुळे शिक्षण सोडून गेली. की आठवत होतं आणि नाकावरची माशी हाकलावी तसं हाकललं होतं, कोण जाणे.

'नो वरीज, सर,' इझाबेला म्हणाली आणि त्यांना वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटची किल्ली दिली. त्या फ्लॅटच्या खिडकीखालीच ट्रॅम वळते. वळताना अशी किंचाळते, की मेलेला उठून बसेल. वर हीटर अर्धवट. खालचा ऊबदार फ्लॅट रिकामा होता, पण तो तिनं 'दुरुस्तीला' घातला. सकाळी लाल डोळ्यांनी सर विचारायला आले, की कढीपत्ता कुठे मिळतो गं जवळपास? कोपऱ्यावरच्या दुकानात ताजा मिळत होता. 'इकडे नाही मिळत, सर,' ती म्हणाली. पोरकटपणा होता, मान्य. पण तिला जेवण गोड लागलं त्या दिवशी.

ऐकवणी गुरुवारच्या दुपारी ठरली. सरांना तिनं एवढंच सांगितलं, की तिमोरच्या प्रकरणातल्या साक्षीदार बाई यायला तयार आहेत. 'कुठली बाई?' सर म्हणाले. 'मी तर कुणालाच भेटलो नव्हतो, ते सगळं तुम्ही मुलांनीच...' आणि मोबाइल वाजला म्हणून तसेच निघून गेले. इझाबेलानं दातओठ खाल्ले. बघा! ज्या बाईच्या जिवावर बक्षीस घेतलं, ती बाई कोण, हेसुद्धा ठाऊक नाही!

गुरुवारी ती तियाला स्वतः आणायला गेली. तियानं काळा कोट घातला होता, केस विंचरून घट्ट बांधले होते. वाटभर पर्स मांडीवर धरून समोर बघत राहिली. इझाबेलाला वाटलं, घाबरली असेल. तिनं तियाच्या हातावर हात ठेवला. तियानं तो काढलाही नाही आणि धरलाही नाही.

खोलीत लांब टेबल, चार खुर्च्या. टोकाशी तिया बसली, समोर सर, बाजूला वेंडी, तियाच्या शेजारी इझाबेला. चहा आला. सरांनी झुकून नमस्कार केला, 'तुम्हाला भेटून आनंद झाला,' असं काहीतरी म्हणाले आणि पुस्तक उघडलं. इझाबेला खुर्चीत पुढे सरकली. वाच आता. वाच, कळू दे.

सरांनी घसा साफ केला. तेवढ्यात तियानं हात वर केला.

'हे कोण?' तिनं विचारलं. तिचं इंग्लिश थोडंच, पण स्वच्छ होतं.

'यांनीच ते लिहिलं, तिया,' इझाबेला म्हणाली. 'हेच ते.'

तियानं सरांकडे नीट पाहिलं. भाजी घेताना बघावं तसं, उलटंपालटं करून. 'यांना मी कधी पाहिलं नाही,' ती म्हणाली. मग इझाबेलाकडे वळली. 'तू वाच.'

'मी?'

'तू.'

इझाबेलानं वेंडीकडे पाहिलं. वेंडीनं मान डोलावली. त्या टेबलावर साक्षीदार सांगेल ते. सरांनी पुस्तक सरकवलं, आणि खरं सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. इझाबेलाला ते हसू ओरबाडून काढावंसं वाटलं. पण पुस्तक आता तिच्या हातात होतं.

तिनं वाचायला सुरुवात केली. 'मेलबर्नच्या एका उपनगरात एक वृद्धा दर शनिवारी चर्चची वेदी फुलांनी सजवते. तिच्या अंगणात, दुधाच्या कापलेल्या बाटल्यांमध्ये, ऑर्किड्स वाढतात. पांढरी ती मेरीमातेच्या पायाशी ठेवते, जांभळी कडेनं लावते...'

'थांब,' तिया म्हणाली. 'माझ्या अंगणातल्या बाटल्या यांनी कधी पाहिल्या?'

तियानं पुस्तकाकडे मान वळवली.

'पुढे वाच.'

'...हीच वृद्धा तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिच्या मुलांना तीन दिवस अन्न नव्हतं. सैनिकानं मक्याची कणसं पुढे धरली. आज जो हात मेरीमातेच्या पायाशी फुलं ठेवतो, त्याच हातानं तिनं...' इझाबेलानं पान उलटलं. '...त्याच हातानं तिनं आपल्या दिराच्या लपण्याच्या जागेकडे बोट दाखवलं.'

'पुन्हा वाच. तेवढंच.'

तिनं पुन्हा वाचलं. या खेपेला तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

'मी बोट दाखवलं, असं मी तुला सांगितलं होतं?' तियानं विचारलं. 'मी तोंडानं सांगितलं होतं. सैनिकाला जागा सांगितली. हात माझा पोराच्या कपाळावर होता. ताप होता त्याला. हे तुला सांगितलं होतं मी, फुलं कापताना. फुलं आणि हात हे कुणी जोडलं?'

इझाबेलानं सरांकडे पाहिलं. पुस्तकावर नाव त्यांचं होतं. एक शब्द पुरला असता. सर, तुम्ही. वेंडीनं मानलं असतं, तियानंही कदाचित. नऊ-दहा वर्षं ती हेच तर म्हणत आली होती. तिचे ओठ हललेसुद्धा.

सर खाली बघत होते. मराठीत, अगदी हळू, म्हणाले, 'खरं सांग गं. मी ठेवलं, मला आवडलं म्हणून. छापायला नको होतं. माझं चुकलं. पण ते वाक्य तुझं आहे.'

ज्या तोंडाला फेस यावा म्हणून हिनं तीन महिने देव पाण्यात घातले होते, ते तोंड असं सरळ बोलून मोकळं झालं, आणि हिचं मात्र बंद. फुलांच्या वाडीतली पोरगी ती. फुलांशिवाय तिला लिहिताच आलं नसतं. मग त्याच फुलांवरून सगळ्या चर्चनं तिया ओळखली. आणि त्या वाक्यासाठी सर खुर्चीतून उठले होते, तेव्हा तिला किती गोड वाटलं होतं! सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. घाण वाटली स्वतःची.

'मी जोडलं, तिया,' ती म्हणाली. 'वाक्य माझं आहे.'

तियानं मान हलवली. आश्चर्य अजिबात नव्हतं तिच्या चेहऱ्यावर. 'मला माहीत होतं,' ती म्हणाली. 'पुस्तक माझ्या मुलानं मला वाचून दाखवलं, त्या दिवशीच कळलं. दार लावलं ते यांच्यासाठी नाही लावलं. हा माणूस कोण मला? रस्त्यावरचा. याच्यावर मी कशाला रागवू? तू माझ्या घरी जेवायचीस.'

'तिया, सॉरी. तिया, मी...'

'इतकी वर्षं मला एकच हवं होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं. तू मला बोलवायला आलीस तेव्हा मी देवाचे आभार मानले.'

म्हणजे 'तू असशील तिथे?' हा प्रश्न त्यासाठी होता! सूड घ्यायला ही निघाली होती आणि तिया तिच्याकडूनच जाब घ्यायला येऊन बसली होती. 

तियानं चहा संपवला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग कप उचलला आणि उपडा घातला. सरांचं प्रकरण गेलं. त्याच्याशिवाय त्या पुस्तकात राहिलं काय? नवी आवृत्ती बारगळलीच म्हणायची. सरांचा चेहरा पांढराफटक पडला, हात मफलरशी चाळा करायला लागले. इझाबेलानं जे मागितलं होतं, ते तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. तिचं तिकडे लक्षसुद्धा गेलं नाही.

तिया उठली. इझाबेला झटकन उठून तिचा कोट घ्यायला गेली, पर्समधून गाडीची किल्ली काढली. 'चल, मी सोडते तुला.'

'नको,' तिया म्हणाली, आणि सरांकडे वळली. 'तुमच्याकडे गाडी आहे?'

'आहे,' सर गडबडून उठले. 'आहे, हो. खाली.'

'मग तुम्ही सोडा.'

'तिया, प्लीज!' इझाबेला म्हणाली. तिचा आवाज इतका चढला, की बाहेरच्या डेस्कवरची माणसं वळून बघायला लागली.

तियानं सरांचा दंड धरला आणि दोघं सावकाश जिना उतरली. इझाबेला मागोमाग गेली, काय करावं न कळून. कारपार्कमध्ये गार वारा सुटला होता. सरांनी दार उघडलं, तियाला आत बसवलं, सीटबेल्ट लावायला मदत केली. मग गाडीला वळसा घालून स्टिअरिंगपाशी आले आणि सवयीनं, जसं नेहमी विचारायचे तसं, इझाबेलालाच विचारलं, 'अगं, यांचा पत्ता काय?'

इझाबेलानं तोंड उघडलं.

मराठीतला एकही शब्द तियाला येत नव्हता. पण उघड्या काचेतून तिनं हात बाहेर काढला आणि थांब म्हणावं तसा तिथेच धरून ठेवला.

'तिला विचारू नका,' ती सरांना म्हणाली. 'माझं मी सांगते.'